मायचे दोन शुक्र

माय, परवा संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मी तुझे दोन्ही शुक्र गावाला दाखवले. सध्या सूर्य बुडाला की पश्चिमेला ते दोघं अगदी शेजारी शेजारी दिसतात. हळद शिजवायचे दिवस आहेत, डोंगरकड्याच्या रस्त्याने येताना वाऱ्यावर तोच वास येतो. तू असतीस तर कढई सोडून बघायला आली असतीस.

ती पहाट तुला कुणी विसरू दिली नाही. घरातलं घड्याळ बंद पडलेलं, म्हणून शुक्र उगवला की हळद शिजवणाऱ्या टोळीला उठवायचं काम तू घेतलंस. तुला जाग आली, पूर्वेला बाभळीवर ठसठशीत चांदणी दिसली आणि तू सगळ्यांना हलवून उठवलंस. चूल पेटली, पहिली कढई उतरली, तरी उजाडायचं नाव नाही. मग त्याच बाभळीमागून खरा शुक्र वर आला, पहिल्या चांदणीपेक्षा कितीतरी तेज. टोळीचा मुकादम पोट धरून हसतोय, "काहून वो वैनी, तुमच्या आभाळात दोन-दोन शुक्र उगवतेत का?" मी डोळे चोळत गोणपाटावर बसलेली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. तू मात्र चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या सारत म्हणतेस, "चमकत व्हती ना? तिच्या कपाळावर काय नाव लिव्हलं व्हतं?"

पुढे दर हंगामाला मुकादम यायचा तो 'दोन शुक्रवाली वैनी' अशी हाक मारतच. तूही हसायचीस, पण तो गेल्यावर भांडी जरा जोरात आपटायचीस. दुसरी कुणी असती तर आभाळाकडे बघणंच सोडलं असतं. तू मला म्हणालीस, "साळंत इचारून ये, ती कोण व्हती." मी विचारून आले, तो गुरू होता. तेव्हापासून जेवणाआधी तू मला अंगणात उभं करायचीस आणि शाळेत शिकलेलं सांगायला लावायचीस. लुकलुकतो तो तारा, एकसारखा तेवतो तो ग्रह. शुक्र सगळ्यांत तेज, पण तो फक्त दिवस मावळल्यावर नाहीतर उजाडण्याआधी दिसतो, मध्यरात्री कधीच नाही. एकदा तांबूस मंगळ दाखवला तर म्हणालीस, "ह्यो व्हय पोरींची लग्नं मोडणारा? केवढासा हाय!" तुझं हे वाक्य मी दर वर्षी वर्गात सांगते आणि पोरी खिदळतात. विज्ञानाची बाई झाले ती त्या अंगणात, हे मात्र त्यांना सांगायचं राहून जातं.

परवा मुकादमही आला होता, नातवाचा हात धरून. आता त्याच्या हातात काठी आहे. मी त्याला मुद्दाम पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभं केलं, तिथून दोघांतला एकच दिसत होता. "काका, हा कोण?"

"शुक्र की! हे काय इचारनं झालं?"

मी त्याला हाताला धरून बाजूला सरकवलं. टाकीमागून खरा शुक्र बाहेर आला, लखलखीत. म्हातारा बराच वेळ आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला. मग टोपी सारखी करत म्हणाला, "एकटा असला की कुनीबी फसंल, पोरी. वैनीला आमी उगाच हसून राहिलो." सगळ्यांसमोर म्हणाला, माय. माझी मान तेव्हा जी ताठ झाली ती अजून खाली आलेली नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? वाचून दाखवायलाही तू नाहीस. म्हणून एक गोष्ट इथेच कबूल करते. हेडमास्तरांना मी सांगितलं होतं की हा कार्यक्रम लेकरांसाठी आहे. पण लेकरांना वर्गातून सांगून मी थांबले, आणि मुकादमाला बोलवायला स्वतः त्याच्या घरी गेले.