हातात पायाची नस

धाड,
सोमवार

तीर्थस्वरूप सिंधूमावशीस, भागवतचा साष्टांग नमस्कार (आठांपैकी एका अंगावरून सध्या घरात वाद चालू आहे, तूर्त सातच धर). तुझे गुडघे काय म्हणतात? साखरखेर्ड्याला ऊन कसं आहे हे विचारत नाही, इथे तेच आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि डॉक्टरांनी मला रोज चार ओळी लिहायला सांगितल्यात, म्हणून हे पत्र. अक्षर पायानं काढल्यासारखं दिसेल. आईच्या मते तसंच आहे ते.

झालं असं, की पोळ्याच्या आधी गोठ्याच्या पत्र्यावर एक वानर येऊन बसलं. त्याला हुसकायला मी चढलो. वानर माझ्याकडे बघत सावकाश उतरलं, मी मात्र घसरलो आणि पत्र्याची कड उजव्या मनगटात घुसली. गावातच टाके घातले, जखम भरली, मी पेढेसुद्धा वाटले. पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं काही जागी होईनात. भाकरीचा तुकडा हातात आहे की ताटात, हे डोळ्यांनी बघावं लागे. शेवटी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की नस तुटून तिची टोकं आखडलीत, मधे बोटभर जागा रिकामी आहे. पोटरीतली एक नस काढून तिथे जोडू, पायाचं तिच्यावाचून फार अडत नाही. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. आता नस रोज साधारण एक मिलिमीटर पुढे सरकणार म्हणे (आपल्या रस्त्याच्या कामापेक्षा बराच वेग आहे).

हे सगळं मी घरी येऊन आईला सांगितलं, इथे माझी अक्कल गेली. "म्हंजे हातात पाय बसोला काय बे?" एवढंच ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून देवाच्या फुलांना हात लावायची मला बंदी. परवा शेजारच्या पुंजाजीकाकांच्या पाठीवर थाप मारली, तर आई ओरडली, "पाय लागला त्याहिले, नमस्कार कर!" आता नमस्कारही त्याच हातानं करायचा, म्हणजे पुन्हा पाय लागलाच. असं चार वेळा झाल्यावर काकाच उठून गेले. बाकी सर्व क्षेम.

ता.क. खरं काम राहिलंच. अनुपमाचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय. मी तिचा एकुलता मामा, आणि आई म्हणते, "पोरीच्या खांद्यावर पाय ठेवशीन काय? दूर उभा राह्य." मावशी, मला फार वाईट वाटतंय गं. तिला सायकल शिकवताना हाच हात सीटला होता. सोवळ्याओवळ्यात आई फक्त तुझा शब्द मानते. हा हातच आहे, असा निवाडा लिहून पाठव.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आत आईनं चहा आणला. स्टीलचा पेला सवयीनं त्याच हातानं धरला आणि मी किंचाळलो. नऊ महिन्यांत पहिल्यांदा! आई मटकन खाली बसली. "पोयलं? खरंच पोयलं तुले?" असं विचारत तिनं माझी तिन्ही बोटं आपल्या कपाळाला लावली आणि रडू लागली. मीही रडलो. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "सिंधूले लिव्ह, भागवतच उभा राह्यते पोरीमांगं." तेव्हा निवाडा नको, लग्नाला ये.

ता.क. तिसरा. निवाडा हवाच, पण दुसरा. "आता पोयते काय पाह्य बरं" म्हणत आई सारखी गरम चहा आणून राह्यली आहे. हा सहावा पेला. तिला थांबव. पत्र पोचायला चार दिवस लागतील, तोवर मी पितो.