चर्मासनावरील रश्श्याचा थेंब

रविवार, सायंकाळ

कन्येने पहिल्या पगारातून घेतलेल्या चर्मासनावर, म्हणजे लेदरच्या सोफ्यावर, आज दुपारी माझ्या शुभहस्ते सावजी रश्श्याचा थेंब पडला. कन्या सात वाजता येणार! अस्मादिकांनी तत्काळ भांड्यांचा साबण आणि घासणी घेऊन शुद्धीकरण आरंभिले.

"अहो, घासून काहून राहिले? चामडं हाय ते, भाताचा गंज नाही!" सौभाग्यवती कडाडल्या.

त्यांनी मऊ फडक्याने तेल नुसते टिपले, वर घामोळ्याची पावडर भुरभुरली आणि ती उडू नये म्हणून कूलरचे तोंड भिंतीकडे फिरवले. "आता हात नका लावू." नाही लावला. तीन तासांनी पावडर झटकली, तेल अंतर्धान पावले होते! थेंबाच्या जागी केवळ एक पुसट पिवळी छटा उरली. हे चर्मशास्त्र या विदुषीस अवगत कसे? माझ्या शर्टांवर पंचवीस वर्षे हेच प्रयोग चालू होते काय? मी कधी विचारलेच नाही.

सातला कन्या आली. सौभाग्यवती नेमक्या त्या छटेवर जाऊन विराजमान झाल्या. "ये वं, इकडे बस माझ्यापाशी."

तास उलटला, अद्याप उठलेल्या नाहीत. चहा मी केला.