बाबांची वीस सेकंदं

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डिस्क सोबत पाठवतेय. बाबांच्या सगळ्या जुन्या टेपा तिच्यात आल्या. आमच्या एजन्सीत सिनेमाच्या डिस्कचे मेनू करून बोटं झिजली, पण घरच्यासाठी केलेला हा पहिलाच. टीव्हीवर आधी मेनू येईल. बाबा दाराशी उभे आहेत, मागे वळून बघतात, पुन्हा दाराकडे तोंड करतात. वीस सेकंदांचा तुकडा, बटण दाबेपर्यंत फिरत राहतो. शेवट सुरुवातीला कुठे जोडलाय ते शोधून दाखव. आमच्या साहेबांना सरळ रेघही वाकडी दिसते, त्यांनाही सापडलं नाही.

रिमोट आईच्या हातात दे, मध्ये लुडबूड करू नकोस.

माया आहे तशीच असू दे.
तुझी टिल्लू

१७ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

आई बटण दाबतच नाही. सकाळी डिस्क लावते, ती संध्याकाळपर्यंत बाबा आपले वळतायत. मी रिमोट उचलला तर तिने मनगट धरलं. म्हणाली, ते माझ्यासाठी थांबलेत, तू त्यांना घालवू नकोस. ताट पुढे केलं की म्हणते, ते दारात उभे असताना मी जेवायला बसू कशी? आठ दिवस नुसत्या चहावर काढलेत. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. काल डिस्क लपवली, तर दिवसभर दारातच बसून राहिली.

खरं सांगू, त्या टीव्हीकडे पाठ करून बसायला मलाही नको वाटतं. काहीतरी कर बाई, आणि लवकर कर.

काळजी घे.
दादा

२१ मार्च

ती. दादास,
सा. न.

चूक माझीच. तीन फेऱ्यांत कुणी बटण दाबलं नाही तर फिल्म आपोआप सुरू व्हावी, अशी सोय आम्ही प्रत्येक डिस्कमध्ये करतो. बाबांच्या डिस्कमध्ये मी ती मुद्दाम केली नाही. पुढे ते दाराबाहेर जातात, ते मला बघवेना. मोठी शहाणी मी.

नवी डिस्क पाठवतेय. जुनी मोडून टाक, शपथ आहे तुला.

आईला जप, मला दोन शब्द कळव.
टिल्लू

२९ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

नवी डिस्क लावली तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. तिसरी फेरी संपली, बाबांनी हात हलवला, बाहेर पडले, दार लागलं. आई म्हणाली, गेले एकदाचे, किती ताटकळत ठेवलं मी त्यांना. मग हात धुऊन आली आणि ताट मागितलं. आता रोज जेवते. तू निश्चिंत राहा.

जुनी डिस्क मी मोडलेली नाही. रागावू नकोस. दुपारी आईचा डोळा लागला की लावतो. दारातली ती टेप फार पूर्वी मीच काढली होती, विसरलीस? बाबा वळून बघतात ते माझ्याकडे. माझ्या लग्नावरून आमचं बिनसलं, त्यानंतर दीड वर्ष एका घरात राहून त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. मीही हट्टाने तोंड फिरवलं. शेवटच्या दिवशीसुद्धा.

काल मी त्यांची माफी मागितली. ते दाराकडे वळले. मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आजही मागणार आहे.

आशीर्वाद आहेतच. मला नवी डिस्क पाठवू नकोस.
दादा