भुऱ्याचं पोट आन गल्लीतलं नवं

१२ नोव्हें., बुध.
आज घरी नवं केलं. नव्या तांदळाची खीर. माय म्हनली, पहिला घास मुक्याले. गायीले देल्ला, मंग भुऱ्याले. बाबानं हे कुत्र्याचं पिल्लू खळ्यावरून आनून आठ दिवस झाले, मुठीएवढं डोस्कं हाय त्याचं. वाटी चाटून साफ केली. मले बरं वाटलं.

१३, गुरू.
सकाळपासून हगून रायला. पिवळं पानी. चार पोते धुतले. ताकद यावी म्हनून दूध पाजलं, तं आनखीच वाढलं.

१४, शुक्र.
शेपटी बी हालवत नाइ. बाबा धान कापनी सोडून गाडीवर कामठ्याले घेऊन गेले, जनावराच्या डॉक्टरकडे. "क्या खिलाया?" मी बाबाकडे पाह्यलं. बाबानंच सांगतलं. डॉक्टर हसले नाइ, रागावले बी नाइ. सुई देल्ली. दूध बंद. नवा तांदूळ जड जाते. जुन्या तांदळाचा मऊ भात, दिवसातून पाच खेपा, थोडा थोडा. उकळून थंड केलेलं पानी. बाहेरचं कोनी काही टाकाचं नाइ. असंच चाललं तं दोन-तीन दिवसात हातचा जाईन म्हने.
घरी येताच बाबा परत कापनीवर गेले.

१५, शनि.
घरातला जुना तांदूळ दिवाळीतच सरला. मायनं नव्याचाच भात लय शिजवून देल्ला. जराशी ताकद आली तं भुऱ्या गेला समोर शेवंताकाकूच्या दारात. त्यायच्या घरी आज नवं. काकूनं त्याले पानावर खीर वाढली, त्यानं चाटली. मी दारातून पाहून रायली. नव्याचा घास नाइ म्हनू नये. आन नववीत शाळा सोडली तेव्हापासून मी बाहेरच्या कोनाशी बोलत नाइ.
नाइ बोल्ली. सांजेले रक्ताचा धागा पडला. माह्या गप्प बसन्यानं.

१६, रवि.
सकाळी बाबानं डॉक्टरले घरीच आनलं, परत सुई.
मंग काकूकडे गेली. तीन खेपा फाटकावरून वापस. चौथ्या खेपेले काकूच म्हने, "काय वो पोट्टे, फाटकाचे फेरे मारून रायली, नवस हाय का?"
एका दमात सांगून टाकलं.
"मंग कालच काऊन नाइ सांगतलं? तोंड भाड्यानं देल्लं होतं का?"
मले रडू आलं. काकू आत गेली, डब्बाभर तांदूळ घेऊन आली. दोन वर्साचा. "आमच्या बुढ्यासाठी ठेवला, त्याले बी नवं पचत नाइ." मंग म्हने, "चाल, बाकीच्या घरी तू सांग. मी मांगं उभी रायतो."
सात घरं. पहिल्या घरी दोनदा सांगा लागलं. कोनी वाईट नाइ मानलं. एक मावशी तं म्हने, पोट्टीचा आवाज बी हाय म्हना.

१७, सोम.
भात, मीठ नाइ तेल नाइ. दोन चमचे खाल्ला. पोटात रायला.

१९, बुध.
आज भुऱ्याची शी बांधून झाली. मायले बोलावून दाखवली. "लोकायच्या पोट्ट्या सोनं दाखवते, माही हे दाखवते." पन वाकून पाह्यलं तिनं.
दुपारून परत पातळ. रक्त नाइ. बरगड्या मोजता येते. डॉक्टर म्हने, आता काही सांगता येत नाइ, खाऊ घालत राय.
पाचव्या खेपेचा भात निवत ठेवला. भुऱ्या भांड्याजवळ बसून मलेच पाहून रायला. बोट घालून पाह्यलं. गरम हाय अजून.