शेवटच्या दृश्यातली पाटी

माय, तो सिनेमा गेल्या आठवड्यात जळगावला दाखवला. बोलपट नुकते सुरू झाले होते तेव्हाचा, तुझ्या आणि आबांच्या भांडणातला. आवाजातली खरखर आता बरीच काढली आहे. सुरुवातीला चार शब्द बोलायला मला बोलावलं होतं. कॉलेजची पायरी न चढता जुन्या सिनेमांवर मी एवढं वाचलंय की आता प्राध्यापक मला शंका विचारतात. असलं काही झालं की तुला सांगायची सवय अजून गेलेली नाही.

भांडण तुला आठवत असेल. नायक शहरात जातो, परत येईन म्हणतो, ती वाट बघत राहते. शेवटी गाडी एका लहानशा स्टेशनात थांबते, तो उतरतो, मागे गावाच्या नावाची पाटी, आणि सिनेमा संपतो. संवाद नाही, गाणं नाही. ते स्टेशन आधी कुठेच दाखवलेलं नाही, त्यामुळे पाटी वाचली तरच कळतं की तो तिच्याच गावी आला. आबा म्हणायचे, आला परत. तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "तो काही उना नई. दुसराच गावले उतरना." आबा म्हणायचे, अगं, पाटी होती मागे. तू विचारायचीस, कोणती पाटी? की आम्ही पोरं हसायला मोकळी. तुम्ही दोघांनी तो लग्नाआधी अमळनेरच्या जत्रेत पाहिलेला, बहुतेक एकाच तंबूत.

पण तुझं ते मत नुसतं चुलीपुढचं नव्हतं. आबा सुरतेला मागावर कामाला गेले, खोली मिळाली की बोलावतो म्हणाले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. शेजारणी तुला समजावत होत्या, थांब, माणूस बोलावणारच आहे. एका सकाळी तू पत्र्याची पेटी भरलीस आणि आम्हाला घेऊन यष्टीत बसलीस. मी विचारलं, आबांनी बोलावलं का? खिडकीबाहेर बघत तू म्हणालीस, "त्या सिनेमातली बाईसारखं वाट दखत बसानं नई." आबांनी दार उघडलं, आधी पेटीकडे पाहिलं. मग म्हणाले, बोलावणारच होतो. होते की नव्हते, मला आजही माहीत नाही. तू त्यांना कधी विचारलं नाहीस. पेटी उघडलीस आणि स्टोव्ह कुठे आहे ते विचारलंस.

जळगावला मी सुरतेचं सांगितलं नाही. पाटीचं सांगितलं. म्हणालो, नायक परत येतच नाही म्हणून माझी माय जन्मभर भांडली, कारण तिला पाटी वाचता आली नाही. सगळं सभागृह हसलं. तू चौथी पास होतीस, वर्तमानपत्रावर बोट फिरवत शेवटच्या पानापर्यंत जायचीस, हे मी गाळलं. ते सांगितलं असतं तर कोणी हसलं नसतं.

खेळ संपल्यावर चर्चा झाली. एक निवृत्त मास्तर डोळे पुसत म्हणाले, याला म्हणतात प्रेम. एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, इतकी वर्षं एक निरोप नाही, आणि नुसता गाडीतून उतरला की झालं? मागचा एक पोरगा म्हणाला, गाणी निम्मी केली असती तर लवकर आला असता. मी प्रत्येकाला दुरुस्त करत होतो. मग धुळ्याकडच्या एक आजी नातीचा हात धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुनी माय तंबूमा कोठे बसेल व्हती? आम्ही बाया पडदाना मांगे राहूत. आम्हले बठ्ठं उलटं दिसे. मी तं ती पाटी आज वाची."

माय, हे मला माहीत होतं. पडदा मधोमध, पुरुष पुढे, बायका मागे, मागून सगळं आरशातल्यासारखं उलटं: तंबूतल्या सिनेमावरच्या माझ्या लेखात हे मीच लिहिलंय, आणि बारकाव्यांसाठी त्याचं कौतुकही झालं. पडदा किती पातळ असायचा तेसुद्धा लिहिलंय. त्या बायकांमध्ये तुला मात्र मी एकदाही बसवलं नाही. आजी उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. मी माईक जवळ घेतला आणि म्हणालो, पुढे. माझी माय पुढेच बसली होती.

आजी म्हणाल्या, मंग असू दे, आणि खाली बसल्या.

घरी येऊन मी मोबाईलवर ते शेवटचं दृश्य लावलं आणि आरशासमोर धरलं. पाटी क्षणभरच दिसते. मला ती उलटीही वाचता आली, कारण तिथे काय लिहिलंय ते मला आधीच माहीत होतं. मग पाटीवर अंगठा ठेवून पुन्हा पाहिलं. एक माणूस कुठल्या तरी स्टेशनात उतरतो. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नाही, घाई नाही. तू म्हणायचीस तसाच दिसतो, दुसऱ्याच गावाला उतरलेला. आणि तो असा दिसला म्हणून तू पेटी भरलीस.

काल धुळ्याला पुन्हा खेळ झाला. तिथे खरं सांगायचं असं ठरवून गेलो होतो. तो विनोद केला नाही, एवढंच. शेवटी कोणीतरी विचारलं, ही सिनेमाची नजर तुम्हाला घरात कोणाकडून मिळाली? मी आबांचं नाव सांगितलं.