मधलीच्या भोवती

ती. लीलाअक्कास,
श्यामकांतचा रायस्वाइक या डच गावाहून शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला (व खोकल्यावरची त्यांची भाषणं) आटोक्यात असावीत. माझा रक्तदाब तू सोपवलेल्या कामामुळे किंचित वर आहे. 'इरावतीच्या डोक्यातलं नाचाचं खूळ काढ, जयेशच्या घरचे डिसेंबरपर्यंतच थांबतील, पोरीला घेऊनच ये,' असं मी निघताना तू बजावलं होतंस. त्या कामाचा हा अहवाल.

पहिले दहा दिवस बोलणंच झालं नाही. इथे पोटच्या मुलीशी बोलायलाही तारीख घ्यावी लागते. तिने डायरी चाळून मला बुधवारी साडेसहा ते सात अशी वेळ दिली आणि त्याच बुधवारी तिची तालीम निघाली. म्हणाली, "बाबा, सोबत चल, वाटेत बोलू." वाटेत आम्ही सायकलींवर, वारा समोरून. मी लग्नाचा विषय काढेपर्यंत ती पार पुढच्या पुलावर पोचली होती, त्यामुळे उरलेलं भाषण कालव्यातल्या एका बदकाने ऐकलं.

आता तिचा अभ्यास काय, हे तुला सांगितलं पाहिजे (मलाही तालमीला पोचल्यावरच कळलं, आणि बापाला हे शोभत नाही). पॅसिफिक समुद्रातल्या बेटांचे नाच ती शेजारी शेजारी ठेवून पाहते. हवाईत हात गोष्ट सांगतात. ताहितीत खांदे समईसारखे स्थिर आणि कंबर मात्र मिक्सरला जोडल्यासारखी. टोंगात रांगेने बसूनही नाचतात, अगदी पंगतीसारखे, फक्त वाढपी नाहीत. माओरी पुरुष डोळे वटारून जीभ बाहेर काढतात आणि लोक त्याला शौर्य म्हणतात. हेच मी तिसरीत केलं तेव्हा अप्पांनी मला अंगणात उभं केलं होतं.

समोआचा नाच मात्र मला भोवला. दोन आठवड्यांनी प्राध्यापकांपुढे प्रयोग होता, त्यावर इरावतीची पुढची तीन वर्षं ठरायची होती, आणि नेमका नाचणाऱ्यांतला एकजण पाय मुरगळून घरी बसलेला. सीना नावाच्या समोअन बाई तालीम घेतात. त्यांनी मला हाताला धरून उभं केलं. मी शाळेतलं लेझीम आठवलं, छाती पुढे, नजर समोर, एक-दोन-तीन-चार. एकही पाऊल चुकलं नाही. बाईंनी नाच थांबवला. इरावतीचं तोंड एवढंसं झालेलं.

रीत अशी की मधोमध मानाची बाई संथ, देखणी नाचते आणि भोवतीच्यांनी मुद्दाम वेडंवाकडं नाचायचं, म्हणजे मधलीची शोभा वाढते. मी इतका नीट नाचलो की माझ्याच मुलीचा मान खाल्ला! (अक्का, नीट वागून अपमान करण्याची माझी ही पहिलीच वेळ.) मग मी लाज सोडली, रुमाल दातांत धरला आणि जो नागीण डान्स आयुष्यभर इतरांच्या वरातीत नाकं मुरडत पाहिला, तो जमिनीवर लोळून केला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. प्रयोगातही तेच केलं. प्राध्यापकांनी वहीत काय लिहिलं ते ठाऊक नाही, पण इरावती मधे होती आणि मी खालून वर पाहत होतो. इतकी शांत, इतकी सुंदर पोर मी यापूर्वी पाहिली नव्हती. तिची तीन वर्षं पक्की झाली. मी तिला परत आणत नाही.

तुझा (आजवर) आज्ञाधारक भाऊ,
श्यामकांत

ता. क. जयेशच्या घरी तूच कळव. मुलगा गुणी आहे, त्याचा डिसेंबर वाया जाऊ नये.

आणखी ता. क. मार्चमध्ये मोठा कार्यक्रम आहे. मधे कोण, असं सीनाबाईंनी विचारल्यावर इरावती एका क्षणात म्हणाली, "माझी आत्या." निमंत्रणाचं पत्र सोबत आहे, व्हिसासाठी लागेल. गुडघ्यांची सबब नको, मधलीने संथच नाचायचं असतं.

शेवटचं ता. क. सातवीत तू गॅदरिंगच्या नाचात नाव दिलंस, हे अप्पांना मी सांगितलं होतं. तू पन्नास वर्षं शेजारच्या प्रमोदिनीला बोल लावलास, ती बिचारी निर्दोष. तू पुन्हा कधीच नाचली नाहीस, याचं मला फार वाईट वाटतं. ये, अक्का. या वेळी मी तुझ्या पायाशी लोळेन.