खंडोबाचा भंडारा आणि रणवीरचा काढा

देवास, धाकटी पाती
गुरुवार

राजमान्य राजश्री मानाजीराव मेहुणे, मुक्काम धार, यांसी जयसिंगरावाचा मुजरा.

आपला गुडघा आता कसा आहे? इकडे सारे खुशाल आहेत, मी सोडून. एकवीस वर्षांपूर्वी आपल्या दारात, आपल्या साक्षीने, मी खंडोबाचा भंडारा उचलून दारूला न शिवण्याची शपथ घेतली, ती आठवते ना? (आदल्या दिवशी आपल्या चिरंजीव उदाजीच्या वरातीत नवरदेवाच्या आधी मीच घोडीवर चढून बसलो होतो, तो विषय पुन्हा काढू नये.) ती शपथ मोडली की नाही, या काळजीने तीन दिवस डोळ्याला डोळा नाही.

आमचा नातू रणवीर पीथमपूरची पक्की नोकरी सोडून इंदुरात बिअर बनवतो, हे आपण जाणताच. सोमवारी दुपारी त्याचा कारखाना पाहायला आपली भगिनी आणि मी गेलो. मला आठवड्याचा खोकला. बिअर पिवळी असते एवढं मला ठाऊक. त्याने दोन्ही हातांनी पुढे केला तो ग्लास काळाकुट्ट, वर चहाच्या सायीसारखा फेस. म्हणाला, "आबासाहेब, यात वेलीची फुलं उकळलीत. पहिले सूंघो, मग प्या." मी विचारलं, खोकल्यावर चालतं? तर म्हणे, "सगळ्यावर चालतं!" मला वाटलं, पोराने काढा केला.

मानाजीराव, काय सांगू! आधी कारल्यासारखा कडूपणा, मी डोळेच मिटले. मग संत्र्याची साल नखाने सोलावी तसा वास, मग निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या बाफल्याची करपलेली बाजू, आणि शेवटी कुठून तरी गूळ. नोकरी सोडली म्हणून वर्षभर या पोराशी मी धड बोललो नव्हतो. म्हटलं, पोराच्या हाताला चव आहे बुवा! ग्लास रिकामा झाल्यावर शेजारचा कारागीर रणवीरला म्हणाला, "भिया, आबासाहेबांना आपली काळी बिअर जमली!" तेव्हा कुठे मला कळलं, मी काय प्यालो ते. (खोकला मात्र गेला.)

आता येत्या रविवारी नव्या टाकीपुढे नारळ मीच फोडावा असा रणवीरचा हट्ट आहे. माझीही फार इच्छा आहे. पण शपथ मोडलेल्या हाताने कसा फोडू? पोराच्या धंद्याला बाधा आली तर?

आपला,
जयसिंगराव

ता.क. शपथेत मी मोहाची, देशी आणि विलायती अशी नावं घेतली होती. बिअरचं घेतल्याचं आठवत नाही. आपण साक्षीदार, तेव्हा तसं दोन ओळींत लिहून द्यावं. आठवत नसेल तर रविवारी स्वतः येऊन, चाखून निकाल द्यावा.

ता.क. दुसरा. पत्र आपल्या भगिनीने वाचलं. सोमवारी दुसरा ग्लास तिने संपवला, हे मी लिहिलं नव्हतं. ती म्हणते, "भंडारा तुम्ही उचलला होता, मी नाही." नारळ तीच फोडणार आहे. रविवारी माझ्या ग्लासात ओतायला तिने अडुळसा आणून ठेवला आहे. कृपा करून निकाल लवकर पाठवा.